‘डिसेंट’ या क्रियापदाचा नेमका वापर



कायद्याच्या विद्यार्थ्याने ‘डिसेंट’ हे इंग्रजी क्रियापद ‘डिसॅग्री’चा भारदस्त पर्याय म्हणून वापरू नये. नुसते पटत नसेल, तर ‘डिसॅग्री’ पुरते. कायद्याच्या काटेकोर भाषेत ‘डिसेंट’ तोच करतो, जो निर्णय घेणाऱ्या मंडळाचा स्वतः घटक असतो आणि बहुमताने ठरलेल्या गोष्टीपासून आपले मत नोंद होईल अशा रीतीने वेगळे ठेवतो. या वेगळेपणामुळेच त्यापुढे ‘विथ’ नव्हे, ‘फ्रॉम’ येते. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम ११८ मध्ये, संचालक मंडळाच्या बैठकीच्या इतिवृत्तात कोणाची नावे लिहावीत हे सांगताना, ठरावापासून ‘डिसेंटिंग फ्रॉम’ आणि ठरावाशी ‘नॉट कन्करिंग विथ’ असे दोन्ही प्रयोग शेजारीशेजारी आले आहेत. ‘कन्कर’ म्हणजे निष्कर्षाशी सहमत होणे. त्यामुळे निष्कर्ष तोच ठेवून कारणे निराळी देणारा न्यायाधीश ‘डिसेंट’ करत नाही, ही गोष्ट परीक्षेत पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही.

या क्रियापदाचे खरे वजन एडीएम जबलपूर खटल्यात कळते. आणीबाणीत राज्यघटनेच्या कलम २१ ची अंमलबजावणी स्थगित असताना स्थानबद्ध व्यक्तीला बंदी प्रत्यक्षीकरणाचा, म्हणजे अटकेची वैधता न्यायालयात तपासून घेण्याचा, अर्ज करता येतो काय, या प्रश्नावर २८ एप्रिल १९७६ रोजी चार न्यायमूर्तींनी नकारार्थी उत्तर दिले, न्या. हंसराज खन्ना यांनी एकट्याने वेगळे निकालपत्र लिहिले आणि कलम २१ नसले, तरी कायद्याच्या आधाराशिवाय कोणाचे जीवित वा स्वातंत्र्य हिरावण्याचा अधिकार राज्याला नाही, असे कारण दिले. अल्पमताचे निकालपत्र कोणावरही बंधनकारक नसते, हे माहीत असूनही त्यांनी ते सविस्तर लिहिले, हे विशेष. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून कनिष्ठ न्यायमूर्तींना सरन्यायाधीश केले गेले, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. बहुमतात न्या. यशवंत विष्णू चंद्रचूड होते. २०१७ साली पुट्टस्वामी खटल्यात तो निकाल चुकीचा ठरवणारे निकालपत्र त्यांचेच पुत्र न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिले.

तेव्हा सुट्टीत सारांशावर न थांबता खन्नांचे निकालपत्र मुळातून वाचावे, आणि त्याच बैठकीत बहुमताची निकालपत्रेही वाचावीत.