पर्वतांची घडण : सागरतळापासून हिमशिखरापर्यंत

नेपाळातील गंडकी नदीच्या पात्रात मिळणारा शाळिग्राम अनेक मराठी घरांच्या देवघरांत पिढ्यान्‌पिढ्या पूजेत आहे. भूशास्त्राच्या दृष्टीने ह्या काळ्या, वाटोळ्या दगडाला आणखी एक महत्त्व आहे. त्याच्यावर जी चक्राकार खूण दिसते, ती बहुधा ॲमोनाइट नावाच्या सागरी प्राण्याच्या शंखाची असते. आजच्या माखलीचा हा दूरचा आप्त सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी समुद्रात वावरत होता. त्याचे अवशेष आज समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, हिमालयाच्या उंच खडकांत सापडतात. एव्हरेस्टचा ८,८४८.८६ मीटर उंचीचा माथादेखील समुद्रात साचलेल्या चुनखडकाचाच आहे. सागरतळावरील गाळ एवढ्या उंचीवर कसा गेला, ह्या प्रश्नाच्या उत्तरातच पर्वतनिर्मितीचे रहस्य सामावलेले आहे.

पृथ्वीचा बाह्य कठीण थर अखंड नाही. तो लहानमोठ्या तुकड्यांत विभागलेला असून त्या तुकड्यांना भूपट्ट म्हणतात. भूखंड आणि सागरतळ हे ह्या भूपट्टांचेच पृष्ठभाग होत. खालील तप्त प्रावरणावरून भूपट्ट वर्षाला काही सेंटिमीटर, म्हणजे साधारणपणे बोटांची नखे वाढतात त्या वेगाने, सरकत असतात. भूखंड सरकतात ही कल्पना जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ साली मांडली. परंतु ते कोणत्या शक्तीने सरकतात याचा समाधानकारक खुलासा त्यांना करता आला नाही. सागरतळाचे विस्तृत संशोधन झाल्यानंतर, १९६० नंतरच्या दशकात, ही कल्पना भूपट्टांच्या सिद्धांताच्या रूपाने सर्वमान्य झाली.

दोन भूपट्ट समोरासमोर आले म्हणजे काय घडेल, हे त्यांच्या खडकांच्या घनतेवर अवलंबून असते. सागरतळाचा खडक जड, तर भूखंडाचा खडक त्या मानाने हलका असतो. म्हणून सागरी भूपट्ट भूखंडाखाली वाकून प्रावरणात शिरतो. ह्या क्रियेस निमज्जन म्हणतात. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर नाझ्का भूपट्ट आजही असाच खाली जात आहे. तो जेथे वाकतो, तेथे सुमारे ८,००० मीटर खोलीची सागरी गर्ता निर्माण झाली आहे. खाली जाणाऱ्या खडकाबरोबर पाणीही खोल जाते. सुमारे १०० किलोमीटर खोलीवर ते पाणी सुटून वरच्या तप्त खडकात मिसळते. त्यामुळे त्या खडकाचा द्रवणांक उतरतो व तो अंशतः वितळतो. हा शिलारस वर चढून काही ज्वालामुखींतून बाहेर पडतो, तर काही भूगर्भातच थिजून ग्रॅनाइटासारखे खडक बनतात. त्याच वेळी भूखंडाची कडा दाबली जाऊन जाड होते. सुमारे ७,००० किलोमीटर लांबीची अँडीज पर्वतरांग अशी घडली.

हिमालयाच्या कथेचा पूर्वार्ध ह्याच प्रकारचा आहे. एके काळी भारतीय भूखंड व आशिया ह्यांच्या दरम्यान टेथिस नावाचा समुद्र होता. त्याचा तळ आशियाखाली निमज्जित होत असताना जो शिलारस वर आला, त्याचे थिजलेले ग्रॅनाइट लडाखमध्ये आजही पाहावयास मिळते. सागरतळ संपताच, सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी, भारतीय भूखंड आशियाला भिडला. दोन्हीकडील खडक हलके असल्याने सागरतळाप्रमाणे कोणीही सहज प्रावरणात बुडेना. मग टेथिसच्या काठावरील गाळाचे थर चुरगळले, त्यांना घड्या पडल्या. खडकांचे प्रचंड स्तर विभंगांवरून घसरत, छपरावरील कौलांप्रमाणे, एकावर एक चढले. शाळिग्रामातील शंख उंचावर पोहोचला तो ह्याच रेट्याने.

पर्वत जेवढा वर वाढतो, त्याहून कितीतरी अधिक तो खाली वाढतो. एकोणिसाव्या शतकात भारताच्या भूमापनात एक विसंगती आढळली. हिमालयाच्या आकर्षणाने ओळंबा जितका ढळावा असे प्रॅट यांचे गणित सांगत होते, त्याच्या सुमारे एक-तृतीयांशच तो ढळत होता. पर्वताखाली हलक्या खडकाचे खोल मूळ असले पाहिजे, असा खुलासा एअरी यांनी १८५५ साली केला. भूखंडाच्या कवचाची जाडी सामान्यतः ३५ ते ४० किलोमीटर असते. तिबेटखाली ती सुमारे ७० किलोमीटर आहे.

येथे एक भेद लक्षात ठेवणे आवश्यक आहे. प्रत्येक डोंगररांग टकरीतून जन्मत नाही. महाराष्ट्रातील सह्याद्री आणि इंदूरचे माळवा पठार सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या आडव्या थरांचे बनलेले आहे. त्या वेळी भारतीय भूखंड आशियाला भिडलाही नव्हता.

हिमालयाची घडण अद्याप संपलेली नाही. त्याच्या पायथ्याशी दरवर्षी सुमारे २ सेंटिमीटर आकुंचन होते. विभंग अडकून राहिल्यास शंभर वर्षांत दोन मीटरांचा ताण साचतो आणि तो एकदम मोकळा झाला म्हणजे भूकंप होतो. कांगडा (१९०५), बिहार-नेपाळ (१९३४), आसाम (१९५०) आणि नेपाळ (२०१५) येथील भूकंप ह्याच कारणाने झाले. आजवर नोंदलेला सर्वांत मोठा, ९.५ प्रतीचा भूकंप १९६० साली चिलीच्या निमज्जन क्षेत्रात झाला. भूपट्टाच्या सीमेपासून दूर असलेली भूमीही सर्वस्वी निर्धास्त नाही, हे कोयना (१९६७) व किल्लारी (१९९३) येथील भूकंपांनी दाखवून दिले आहे.

भूकंपाची घटिका आधी सांगता येत नाही. धोक्याचे प्रदेश मात्र सांगता येतात. किल्लारीच्या परिसरात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती व माळवदाचा भार कोसळूनच बहुतेक प्राणहानी झाली. जोते, दारे-खिडक्यांचा माथा व छत ह्या पातळ्यांवर सळईयुक्त काँक्रीटचे सलग पट्टे घातल्यास भिंती एकसंध राहतात. पर्वत घडविणारी शक्ती रोखणे मनुष्याच्या हाती नाही; तिचा स्वभाव ओळखून घर बांधणे हे मात्र त्याच्या हाती आहे.