पेडगावला समुद्र कुठाय?

शंका : सर, मी बारावी सायन्सला आहे. सागरी जीवशास्त्र शिकायचं म्हटलं की घरचे हसतात. 'आधीच पेडगाव, त्यात हे वेड! इथे समुद्र कुठाय?' काय सांगू?
– एक विद्यार्थी, पेडगाव (जि. परभणी)

समाधान : पहिलं सांग, की म्हणीतलं पेडगाव श्रीगोंद्याकडचं, भीमेकाठचं. आपलं वेगळं.

आता समुद्र. तो तुमच्या रानात पावसातून येतो, हे घरच्यांना ठाऊकच आहे. सोयाबीन त्याच्याच भरवशावर पेरतात. परत जायची वाट मात्र कुणी बघत नाही. तुमच्या ओढ्याचं पाणी शेवटी गोदावरीला लागतं आणि आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळतं. जाताना आपल्या काळ्या कातळाची झीज घेऊन जातं. त्यात विरघळलेली सिलिका असते, म्हणजे काचेचाच कच्चा माल. समुद्रातलं डायटम नावाचं एकपेशीय शैवाल तिचं कवच करतं. सूक्ष्मदर्शकाखाली बघ : कुंकवाच्या करंड्यासारखी डबी आणि वर घट्ट झाकण, दोन्ही काचेची, अंगभर बारीक भोकांची नक्षी. असली शैवालं खाऊन हिल्सा वाढतो आणि पावसाळ्यात गोदावरीत उलटा चढतो. तेलुगू लोक त्याला 'पुलसा' म्हणतात, वाट्टेल तो भाव देऊन घेतात. राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमला बंधारा त्याला अडवतो. तिथला पहिला बंधारा १८५२ चा. नाहीतर तो आणखी वर आला असता.

शिक्षणाचं म्हणशील तर लातूर जिल्ह्यात उदगीरला आणि कोकणात रत्नागिरीला मत्स्य महाविद्यालय आहे. तिथला भर मासेमारी-मत्स्यपालनावर. निव्वळ सागरी जीवशास्त्र हवं असेल तर आधी प्राणिशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्रात बीएस्सी कर, मग एमएस्सीला तिकडे वळ. गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, स्थापना १९६६ ची; एकदा बघून ये. पोहणं मात्र आत्ताच शीक, विहिरीत का होईना.

शंका : आपल्या श्वासातला निम्मा प्राणवायू समुद्रातून येतो, हे खरं का?

समाधान : अर्धंच. पृथ्वीवर दरवर्षी तयार होणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे निम्मा समुद्रातली सूक्ष्म शैवालं नि जीवाणू बनवतात. पण त्यातला बहुतेक तिथल्या तिथेच संपतो : मासे घेतात, मेलेलं कुजताना जातो. दिवसभराची मजुरी संध्याकाळी किराण्यात गेली, तसं. तुम्ही-आम्ही श्वासात घेतो ती हवेतली जुनी शिल्लक, कोट्यवधी वर्षांत थोडी थोडी साठलेली.