दोन विमान कंपन्यांचे विलीनीकरण आणि वैमानिकांचा प्रश्न

दोन पेढ्या एक व्हावयाच्या ठरल्या म्हणजे आपण प्रथम ताळेबंद मांडतो. मालसाठा, येणे-देणे, वखारी, जागा, बाजारातील पत या सर्वांची किंमत करून भागीदारांचे हिस्से ठरतात. दोन्हीकडील माणसांचा विचार मात्र बहुधा शेवटी होतो. माणसे काय, जुळवून घेतील, असे आपण गृहीत धरतो. हे गृहीत किती महाग पडू शकते याचे आपल्या देशातील एक ठळक उदाहरण म्हणजे एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांचे २००७ साली झालेले विलीनीकरण. त्यातील वैमानिकांच्या प्रश्नाचा अभ्यास विमानधंद्याशी संबंध नसलेल्या व्यापाऱ्यासही उपयुक्त ठरेल, अशा समजुतीने हा लेख लिहिला आहे.

पूर्वपीठिका

आपल्याकडे विमान कंपन्या एकत्र येण्याचा हा पहिला प्रसंग नव्हे. १९५३ मध्ये एअर कॉर्पोरेशन्स कायदा होऊन विमान वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले. हैदराबादची डेक्कन एअरवेज धरून आठ कंपन्यांच्या देशांतर्गत कारभारातून इंडियन एअरलाइन्स निर्माण झाली. परदेशची वाहतूक एअर इंडिया इंटरनॅशनलकडे गेली. इंडियन एअरलाइन्सच्या वाट्यास त्या वेळी ९९ विमाने आली. त्यांपैकी ७४ डकोटा होती. म्हणजे मालक आठ असले तरी बहुतेक यंत्रे एकाच जातीची होती. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

त्यानंतर अर्धे शतक या दोन सरकारी संस्था स्वतंत्रपणे वाढल्या. एकीचे मुख्यालय मुंबईस तर दुसरीचे दिल्लीस होते. एअर इंडियाच्या ताफ्यात प्रामुख्याने बोइंगची मोठी विमाने आली आणि इंडियन एअरलाइन्सचा भर एअरबसच्या ए-३२० वर्गावर राहिला. विलीनीकरणाच्या थोडेच आधी, २००५-०६ च्या सुमारास, एअर इंडियाने आपल्या स्वस्त भाड्याच्या उपकंपनीसह ६८ बोइंग विमानांची, आणि इंडियन एअरलाइन्सने ४३ एअरबस विमानांची मागणी स्वतंत्रपणे नोंदविली. ऑगस्ट २००७ मध्ये दोन्ही संस्था नॅशनल एव्हिएशन कंपनी ऑफ इंडिया या एका छत्राखाली आल्या. कागदोपत्री संसार एक झाला, चुली मात्र दोनच राहिल्या. इंडियन एअरलाइन्सच्या उड्डाणांची 'आयसी' ही खूणदेखील फेब्रुवारी २०११ पर्यंत चालूच होती.

विमान बदलले म्हणजे काय बदलते?

सामान्य प्रवाशास वाटते की वैमानिक तो वैमानिक, त्यास कोणतेही विमान चालविता यावे. वस्तुस्थिती तशी नाही. विमानाच्या प्रत्येक जातीसाठी वैमानिकाच्या परवान्यावर स्वतंत्र नोंद लागते. तीसाठी वर्गातील शिक्षण, सिम्युलेटरवरील सराव, परीक्षा आणि देखरेखीखालील उड्डाणे असा मोठा क्रम पुरा करावा लागतो. बोइंगचा वैमानिक समोरचे सुकाणू धरतो, तर ए-३२० चा वैमानिक बाजूच्या लहान दांडीने विमान वळवितो. सामान्यतः एक वैमानिक एका वेळी एकाच जातीचे विमान चालवितो. याचा अर्थ असा की ताफ्यातून एक जात बाद झाली तर ती चालविणाऱ्यांचे कसब एका दिवसात निरुपयोगी होते आणि पुढचे शिक्षण कंपनी कोणाला देईल यावर त्यांची भाकर अवलंबून राहते.

दुसरी बाब ज्येष्ठतेची. मोठे विमान कोणास मिळावे, सहवैमानिकाने कमांडर केव्हा व्हावे, कोणी कोणत्या ठाण्यावर राहावे, हे ज्येष्ठतेच्या यादीतील क्रमांक ठरवितो. काम कमी झाले तर झळ आधी लागते ती यादीच्या तळाशी असलेल्यांना. वेतनाचा मोठा भाग उड्डाणाच्या तासांवर अवलंबून असल्याने कोणते विमान कोणत्या मार्गावर धावते यावरही प्राप्ती कमी-अधिक होते. आपल्या धंद्यात अनुभवी मुनीम एक पेढी सोडून दुसरीकडे गेला तरी त्याच्या अनुभवाला मोल राहते. वैमानिक मात्र कंपनी बदलून गेला तर बहुधा नव्या यादीच्या अखेरीस जाऊन बसतो. म्हणूनच दोन याद्या एकत्र करणे हा त्याच्या दृष्टीने जन्मभराच्या कमाईचा प्रश्न असतो.

वाद कसा पेटला?

विलीनीकरण होऊनही दोन्हीकडील वेतनाचे नियम वेगळेच राहिले. इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांचे म्हणणे असे की, कंपनी एक, काम तेच, मग मोबदला वेगळा का? या मागणीसाठी त्यांनी एप्रिल २०११ च्या अखेरीस संप पुकारला. तो सुमारे दहा दिवस चालला.

पुढील वर्षी तक्रार उलट बाजूने आली. बोइंग ७८७ ही नवी विमाने यावयाची होती आणि त्यांच्या शिक्षणासाठी दोन्हीकडील वैमानिक घेण्याचे व्यवस्थापनाने ठरविले. एअर इंडियाच्या जुन्या वैमानिकांना हे अन्यायाचे वाटले. ही विमाने आमच्या कंपनीने मागविली, त्यांच्या भरवशावर आम्ही बढतीची वाट पाहिली, असे ते म्हणत. लहान विमानांच्या ताफ्यात सहवैमानिक लवकर कमांडर होतो, तेव्हा एकत्रित यादीत आपण मागे पडू, ही भीतीही त्यामागे होती. उलट दुसऱ्या पक्षाचा प्रश्न होता की, कंपनी एकच असेल तर तिची उत्तम विमाने आम्हास वर्ज्य कशी? मे २०१२ मध्ये एअर इंडियाच्या वैमानिकांनी आजारपणाचे कारण देऊन काम थांबविले. दिल्ली उच्च न्यायालयाने मनाई केली, शंभराच्या आसपास वैमानिक बडतर्फ झाले, तरीही संप ५८ दिवस चालला. सप्टेंबर २०१२ मध्ये पहिले ७८७ विमान दिल्लीस उतरले, तेव्हा भांडणाच्या जखमा ताज्याच होत्या.

येथे एक गोष्ट निःपक्षपातीपणे नमूद केली पाहिजे. २००८-०९ मध्ये कंपनीस साडेपाच हजार कोटींहून अधिक तोटा झाला, तो काही वैमानिकांमुळे नव्हे. विमानखरेदीचे कर्ज, इंधनाची महागाई आणि जगभरची मंदी ही त्याची मोठी कारणे होत. परंतु बुडत्या नावेत वल्हेकरीच भांडू लागले, हेही खरे. वेतन आणि ज्येष्ठता यांची सांगड घालण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती धर्माधिकारी यांची समिती नेमली गेली. तिचा अहवाल जानेवारी २०१२ मध्ये आला, म्हणजे विलीनीकरणानंतर सुमारे साडेचार वर्षांनी! लग्न आधी आणि याद्या मागाहून, असा हा प्रकार झाला.

पुन्हा तोच धडा

जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटा समूहाकडे परत गेली आणि १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा ही कंपनी तिच्यात विलीन झाली. या वेळी यंत्रांचा पेच बराच सौम्य होता. विस्ताराकडील एअरबसचा ए-३२० वर्ग आणि बोइंग ७८७ या दोन्ही जाती एअर इंडियाकडेही होत्या. तथापि विलीनीकरणापूर्वीच नव्या वेतनकरारावरून विस्ताराच्या वैमानिकांत असंतोष पसरला. जुन्या करारात दरमहा ७० तासांच्या उड्डाणाचे वेतन निश्चित होते, ते नव्या करारात ४० तासांवर आले. एप्रिल २०२४ मध्ये वैमानिकांच्या अभावी कंपनीस रोजची पंचवीस-तीस उड्डाणे कमी करावी लागली. यावरून दिसते की ताफा सारखा असला म्हणजे प्रश्न सोपा होतो, पण सुटत नाही.

आपण काय घ्यावे?

या इतिहासात दोन्ही पक्षांची बाजू आपापल्या जागी खरी होती, आणि हीच त्यातली कठीण गोष्ट आहे. जुन्या वचनावर विसंबून राहिलेला माणूस आणि नव्या घरात समान वागणूक मागणारा माणूस, या दोघांना एकाच वेळी न्याय द्यावयाचा तर त्याची बोलणी कागदावर सही होण्यापूर्वीच झाली पाहिजेत.

आपल्या दुकानांत, गिरण्यांत आणि पेढ्यांतही भागीदारीचे नवे लेख होतात, भावांची दुकाने एक होतात, यंत्रे बदलतात. अशा वेळी मालकाने तीन प्रश्न आधी विचारावेत. कोणाचे कसब नव्या व्यवस्थेत निरुपयोगी ठरणार आहे, आणि त्यास नवे शिकविण्याचा खर्च कोणी सोसावयाचा? दोन्हीकडील नोकरीची वर्षे कशी मोजावयाची? पूर्वी तोंडी दिलेली आश्वासने कोणती, आणि ती पाळता येत नसतील तर तसे स्पष्टपणे कोण सांगणार?

यांची उत्तरे गैरसोयीची असतील, पण ती आरंभीच दिली तर माणसे ती सोसतात. ताळेबंदात माणसाच्या उमेदीचा रकाना नसतो. तो आपल्यालाच मनाशी आखावा लागतो.