ओव्हनमधला जर्मन पॅनकेक आणि आपल्याकडची फळं

माझं माहेर तासगावकडचं, सासर साताऱ्याचं. त्यामुळे घरात द्राक्षं आणि स्ट्रॉबेरी, दोन्हींचा राबता. ओव्हनमध्ये फुगणारा जर्मन पॅनकेक आमच्याकडे रुळला तो या फळांच्या जोरावर. अमेरिकेत सिएटलच्या मांकाज कॅफेने गेल्या शतकाच्या सुरुवातीला तो ‘डच बेबी’ या नावाने प्रसिद्ध केला. घरी करून करून जे कळलं ते असं :

१. सोडा, बेकिंग पावडर, यीस्ट काही लागत नाही. ३ अंडी, अर्धा कप मैदा, अर्धा कप दूध, चमचाभर साखर, चिमूटभर मीठ आणि थोडं जायफळ, बस. मिक्सरमधून फिरवून वीस मिनिटं झाकून ठेवायचं. पीठ ओतता येईल इतकं पातळच हवं. ते पाहून हात मैद्याच्या डब्याकडे जातो, तो आवरायचा. दूध-अंडी फ्रिजमधून आधीच काढून ठेवावीत.

२. भांडं बिडाचं. आठवडी बाजारात मिळणारा खोलगट बिडाचा तवा किंवा लोखंडी कढई, लाकडी-प्लॅस्टिकची मूठ नसलेली. हे रिकामं भांडं ओव्हनबरोबरच २२० अंशांवर पंधरा-वीस मिनिटं तापवायचं. पीठ पडताच चर्र आवाज आला पाहिजे. घरगुती ओटीजी लहान असतो आणि पॅनकेक फुगून वरच्या कॉइलला टेकतो, म्हणून जाळी सर्वांत खालच्या खाचेत लावावी.

३. परदेशी कृतींत लोणी असतं. एवढ्या आचेवर लोण्यातला दुधाचा अंश करपतो. आपलं साजूक तूप ही आच सहज सोसतं. दोन मोठे चमचे, हात आखडता न घेता.

४. पंधरा ते अठरा मिनिटं दार उघडायचं नाही. पिठातल्या पाण्याची वाफ होते, ती पॅनकेक वर ढकलते आणि अंड्यातली प्रथिनं तो आकार धरून ठेवतात. ती पक्की होण्याआधी गार हवा आत गेली की सगळं खाली बसतं. बाहेर काढल्यावर तर तो बसतोच, त्याला इलाज नाही. तेव्हा आधी माणसं पाटावर बसवा, मग ओव्हन उघडा. आणि हो, गावात भारनियमन असेल तर आधी वेळापत्रक बघा.

५. ‘बिनअंड्याचा करता येईल का?’ हे श्रावणात हमखास विचारलं जातं. दही घालून, कॉर्नफ्लोअर घालून जे होतं ते चवीला वाईट नसतं, पण ते जाड धिरडं असतं. त्यापेक्षा सरळ धिरडं करावं, गूळ घालून.

६. खपली गव्हाचं पीठ निम्मं चालतं, पूर्ण नाही. चव खमंग येते, फुगणं कमी होतं.

७. आता फळं. ती पिठात कधीच घालू नयेत. पाणी सुटतं आणि मधला भाग कच्चा राहतो. वरून घालायची आणि प्रत्येकाची रीत वेगळी. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी (२०१० पासून भौगोलिक मानांकन असलेली) देठासकट धुवावी, देठ नंतर काढावा, म्हणजे आत पाणी शिरत नाही. चिरून थोडी साखर आणि लिंबू लावून ठेवली की अर्ध्या तासात स्वतःचाच पाक सोडते. गॅस पेटवायची गरज नाही. हंगामाच्या शेवटी येणारी लहान फळं याला उत्तम, मोठी दिखाऊ फळं ताटात सजवायला ठेवा.

द्राक्षांचं उलटं. अख्खी घातली तर घरंगळतात, शिजवली तर नुसती गोड लागतात. लांबट तास-ए-गणेश उभी चिरून, खाली चक्क्याचा थर देऊन लावावीत. जर्मनीत क्वार्क नावाचं आंबटसर ताजं चीज गोडाबरोबर खातात. आपला चक्का त्याची जागा चोख घेतो. श्रीखंडासारखी साखर मात्र त्यात घालू नका, तो आंबटपणाच द्राक्षाला उठाव देतो.

पावसाळ्यात ही दोन्ही फळं नसतात. तेव्हा सांगलीचा बेदाणा गरम पाण्यात भिजवून, लिंबाची साल किसून घालावा. माझ्या मते थंड पावसाळी सकाळी ताज्या फळांपेक्षाही हा सरस. आटपाडीचं डाळिंब मिळालं तर दाणे अगदी शेवटी पेरायचे. त्यांना साखर लावली तर कुरकुरीतपणा जातो.

८. विकतचा सरबताचा पाक किंवा जॅम वर ओतू नये. सगळी फळं एकाच चवीची होतात.

९. फेब्रुवारीत स्ट्रॉबेरी आणि द्राक्षं दोन्ही बाजारात असतात. पहिल्यांदा करणार असाल तर तेव्हाच करा, अर्ध्या भागावर एक, अर्ध्यावर दुसरं.