थंडीत तडकणारे पोलाद

१६ जानेवारी १९४३ च्या रात्री अमेरिकेतील पोर्टलंड येथे धक्क्याला बांधलेले ‘स्केनेक्टडी’ हे नवे कोरे तेलवाहू जहाज, शांत पाण्यात, प्रचंड आवाज होऊन मधोमध दुभंगले. प्रथम संशय आला तो वेल्डिंगवर, आणि तो अगदीच निराधार नव्हता. रिव्हेटच्या सांध्यापाशी जी भेग थांबली असती, ती वेल्डिंगने अखंड झालेल्या पत्र्यांतून थेट पलीकडे जाते. परंतु मूळ दोष पोलादात असल्याचे केंब्रिजच्या धातुशास्त्रज्ञ कॉन्स्टन्स टिपर यांनी दाखवून दिले. विशिष्ट तपमानाखाली पोलाद वाकत नाही, काचेसारखे तडकते. कार्बन व फॉस्फरस यांचे प्रमाण अधिक असल्यास हे तपमान वर चढते. मँगॅनीज व बारीक कणरचना यांमुळे ते खाली उतरते. म्हणूनच थंड समुद्रात जाणाऱ्या जहाजांच्या पोलादाचे नमुने आज गोठवून, त्यांवर हातोड्याचा आघात करून पारखले जातात.