नाम, रूप आणि अरण्य : चांदोलीतील एक अभ्याससहल

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पहिल्याच अध्यायात सांगितले आहे की शेळ्या-मेंढ्या राखणारे, गुराखी आणि इतर वनवासी औषधींना नामरूपाने ओळखतात. परंतु तेवढ्याने त्यांचा योग जाणता येत नाही. हे वचन आपण वैद्याच्या श्रेष्ठत्वासाठी उद्धृत करतो. त्यातून निघणारा प्रश्न मात्र सहसा विचारीत नाही : आपल्याला योग ठाऊक आहे, पण नामरूप ठाऊक आहे काय?

हाच प्रश्न घेऊन आम्ही पाच वैद्यमित्र मार्गशीर्षात एक दिवस चांदोली राष्ट्रीय उद्यानात गेलो. २००४ साली राष्ट्रीय उद्यान झालेले हे अरण्य २०१० पासून कोयना अभयारण्यासह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट आहे. दक्षिणेकडील वर्षावनाशी तुलना करता हे वन निम-सदाहरित म्हणावे लागेल. सड्यावर मातीचा पातळ थर, तर दऱ्यांमध्ये अंजनी, जांभूळ आणि पिसा यांची दाट सावली. येथील गावांचे पुनर्वसन झाले आहे. आमचा वाटाड्या अशाच एका उठलेल्या गावचा होता.

हिरडा : वाटेत हिरड्याखाली वाळलेली फळे पडलेली दिसली. बाळहिरडा आणि सुरवारी हिरडा ही एकाच वृक्षाची फळे. पहिल्यात आठळी कठीण झालेली नसते, दुसरे पूर्ण पक्व असते. दोहोंचे कर्म आणि किंमत भिन्न असूनही मागणीपत्रात आपण केवळ ‘हिरडा’ लिहितो. ही संदिग्धता आपण स्वतःच निर्माण करतो.

अमृता : दरीच्या कडेला एका लहान वृक्षाकडे बोट दाखवून वाटाड्या म्हणाला, “ही अमृता.” आम्ही चमकलो. आमच्या दृष्टीने अमृता म्हणजे गुळवेल. भावप्रकाशात तो हरीतकीचाही एक प्रकार आहे. समोर होता तो नरक्या. पावसाळ्यात येणाऱ्या याच्या फुलांना दुर्गंध असतो. यातील कॅम्पटोथेसिन या द्रव्यापासून टोपोटेकॅन व इरिनोटेकॅन ही कर्करोगावरील औषधे तयार करण्यात आली आणि त्या मागणीपायी सह्याद्रीत याची मोठी तोड झाली. पेशीविभाजन रोखणारे हे द्रव्य आहे. गुळवेल वेल आहे, नरक्या वृक्ष. अरण्यात घोटाळा संभवत नाही. परंतु भरड चूर्णाच्या पोत्यावर केवळ ‘अमृता’ लिहिलेले असेल तर डोळ्यांनी काय ओळखणार? वाटाड्याची चूक नव्हती. त्याच्या गावात तेच नाव होते.

विडंग : वावडिंगाच्या वेलीवर त्या दिवशी फळे नव्हती. म्हणून तीन दुकानांतून घेतलेल्या पुड्या आम्ही सोबत नेल्या होत्या. त्यांपैकी एक आमच्याच औषधालयाच्या नित्याच्या विक्रेत्याकडील होती. दुपारी सावलीत बसून फळे कापली. विडंगात एकच बीज असते आणि त्यावर पांढरे ठिपके असतात. ‘चित्रतंडुला’ हा पर्याय त्यावरूनच आला. आमच्या नित्याच्या पुडीतील बरीच फळे अनेक सूक्ष्म बीजांनी भरलेली निघाली. ती अटकीची असावीत, असे सर्वांचे मत पडले. कृमिरोगात अपेक्षित उपशय मिळाला नाही की आम्ही मात्रा वाढवीत असू, रुग्णाच्या पथ्यावर ठपका ठेवीत असू. सुरी मात्र कधी उचलली नव्हती. त्या वेळी आमच्यापैकी कोणी फारसे बोलले नाही.

एका मित्राला नरक्याची डहाळी नमुन्यासाठी हवी होती. वाटाड्याने नकार दिला, आणि तो योग्यच होता. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार राष्ट्रीय उद्यानातून वनोपज नेता येत नाही. छायाचित्रे आणि टिपणे पुरेशी आहेत.

या सहलीवरून व्यवसायबंधूंना तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात :

१. मागणीपत्रात प्रचलित नावासोबत वनस्पतिशास्त्रीय नाव, उपयुक्तांग आणि पक्वता लिहावी.

२. चूर्णापेक्षा अखंड द्रव्य घ्यावे आणि प्रत्येक खेपेतील काही नग कापून पाहावेत.

३. ऋतू बदलून वर्षातून दोनदा तरी, रीतसर परवानगी घेऊन, जाणकार स्थानिकासह अरण्यात जावे.

गावे उठली, तशी नामरूप जाणणारी माणसेही विखुरली. आमच्या वाटाड्याचा मुलगा शहरात नोकरी करतो आणि त्याला ही झाडे ठाऊक नाहीत. चरकांनी ज्यांच्या ज्ञानाचा उल्लेख केला, ते ज्ञान ऐकून टिपून ठेवण्यास आपल्याजवळ फार काळ उरलेला नाही.