संकेतस्थळांचे रंग आणि रंगांध नागरिक

शासकीय सेवांचे अर्ज, लाभार्थींच्या याद्या व परीक्षांचे निकाल आता मोठ्या प्रमाणावर संकेतस्थळांवर उपलब्ध होतात. अर्जाच्या पानावर ‘लाल रकाने भरणे बंधनकारक आहे’ एवढीच सूचना असेल, तर लाल व हिरवा यांतील भेद न जाणवणाऱ्या नागरिकाचा अर्ज अपुरा राहतो. आणि तो का राहिला, हेही त्याला उमगत नाही.

दोषाचे स्वरूप

डोळ्याच्या दृष्टिपटलावर रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या असतात. त्यांपैकी एखादा प्रकार नसला किंवा सदोष असला, म्हणजे काही रंग परस्परांसारखे दिसतात. जॉन डाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने आपल्या स्वतःच्या या दोषाचे वर्णन १७९४ मध्ये मँचेस्टर येथे निबंधरूपाने मांडले. लाल-हिरव्या रंगांसंबंधीचा दोष सर्वांत अधिक आढळतो. त्याची जनुके एक्स गुणसूत्रावर असतात आणि पुरुषांत हे गुणसूत्र एकच असते. म्हणून पुरुषांत त्याचे प्रमाण पुष्कळ अधिक आहे. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत ते पुरुषांमध्ये सुमारे ८ टक्के, तर स्त्रियांमध्ये सुमारे ०.५ टक्का आहे. जन्मजात दोषावर रूढ उपचार नाही. तेव्हा बदल पानातच करावयास हवा.

दोन नियम

वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियम या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सुगम्यतेच्या तत्त्वांत यासंबंधी दोन नियम आहेत. शासकीय संकेतस्थळांसाठी भारत सरकारने आखलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनीही ते स्वीकारले आहेत.

पहिला नियम असा की, कोणतीही माहिती केवळ रंगाच्या आधारे देऊ नये. हिरव्या-लाल ठिपक्यांसोबत ‘मंजूर’, ‘नामंजूर’ हे शब्द असावेत. बंधनकारक रकान्यापुढे ‘आवश्यक’ असे लिहावे. चूक झालेल्या रकान्याखाली ती चूक शब्दांत सांगावी. आलेखातील रेषा अखंड, तुटक व ठिपक्यांच्या काढून त्यांची नावे रेषांजवळच द्यावीत.

दुसरा नियम उजळपणाचा. नेहमीच्या आकाराची अक्षरे व त्यांची पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे. पांढऱ्यावर शुद्ध लाल अक्षरांचे गुणोत्तर सुमारे ४ : १ च भरते, काळ्या अक्षरांचे मात्र २१ : १ असते.

सोपी कसोटी

तयार झालेले पान केवळ काळ्या शाईत छापून पाहावे. रंग नाहीसे झाल्यावरही सर्व सूचना कळत असतील, तर पहिला नियम बहुतांशी पाळला गेला असे समजावे. ग्रामपंचायतीचा सूचना फलक आणि वर्गातील नकाशा यांनाही हीच कसोटी लावता येईल. एका शब्दाची जोड दिल्याने रंगांची शोभा उणावत नाही. मात्र एखादा नागरिक आपल्या हक्काच्या सेवेपासून वंचित राहण्याचे टळते.